आठवी ब मधलं चुकीचं उत्तर

आमच्या अप्पांनी दारावरची पाटी माझ्या निकालाच्या आधीच रंगवून घेतली होती. वर कन्नडात, खाली इंग्रजीत: कु. दाक्षायणी अंगडी, एम.ए., बी.एड. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! आणि नेमकी मी बी.एड.ला आपटले. मग अप्पांनी मठाचं कॅलेंडर आणून असं टांगलं की 'एम.ए.' दिसावं आणि 'बी.एड.' झाकावं. वारा आला की कॅलेंडर उडायचं आणि सगळ्या गल्लीला माझं बी.एड. क्षणभर दिसायचं. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, "खिळा मार की खालून." अप्पा म्हणायचे, "खिळा मारला म्हणजे कायमचंच झालं. असू दे."

नापास झाले ते लेखी पेपरात नव्हे. लेखीत मला कोण हात लावणार? धारवाडला विद्यापीठात दोन वर्षं इंग्रजी वाङ्मय कोळून प्यायले होते मी. चौदा ओळींच्या कवितेवर चोवीस पानं लिहायची माझी तयारी. लहानपणापासून एकच ध्यास, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचं. पण बी.एड.ला शेवटी एक अंतिम पाठ असतो. खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांना चाळीस मिनिटं शिकवायचं आणि मागच्या बाकावर बाहेरून आलेला परीक्षक वही उघडून बसतो. मी वर्गात गेले, 'गुड मॉर्निंग' म्हणाले, पोरांनीही 'गुड मॉर्निंग' म्हटलं, आणि तिथं आमचं संभाषण संपलं. पंचेचाळीस जोडी डोळे माझ्याकडे, आणि माझी जीभ टाळूला. त-त-प-प सुद्धा झालं नाही. तेवढं झालं असतं तरी दोन गुण मिळाले असते.

आता दुसरी आणि शेवटची संधी. यातही आपटले तर गावी परत, अप्पांच्या दुकानात बसून जन्मभर गूळ जोखायचा. अप्पा तसं बोलले नव्हते. बोलले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

यावेळी मला मिळाली ती शाळा कॉलेजच्या भिंतीला लागूनच होती, आणि वर्ग आठवी ब. माझी खोलीतली मैत्रीण मल्लम्मा हूगार गेल्या वर्षीच पास झालेली, नोकरी मिळेपर्यंत माझ्याच खोलीवर राहिलेली; ती हे ऐकून टाळ्याच वाजवायला लागली. "दाक्षी, नशीब काढलंस! आठवी ब म्हणजे मुरलेलं लोणचं गं. ती पोरंच तुला पास करतील."

पहिल्या सराव पाठालाच मला त्याचा अर्थ कळला. मी घाबरत घाबरत प्रस्तावनेचे प्रश्न विचारले, आणि पुढं काय ते विसरले. तेव्हा पहिल्या बाकावरचा मैलारी नावाचा मुलगा, दात किडलेले पण डोळे चलाख, हळूच म्हणाला, "मिस, हेतुकथन."

"काय?"

"प्रस्तावना झाली. आता हेतुकथन. फळ्यावर शीर्षक लिहायचं. मग तक्ता टांगायचा. खिळा उजवीकडं आहे, डावा हलतो."

मी मुकाट्यानं शीर्षक लिहिलं. काय करणार? कॉलेजची शिकाऊ फौज दरवर्षी याच पोरांवर सोडली जायची. पाचवीपासून या मंडळींनी शंभरेक शिकाऊ शिक्षक पाहिले होते. कोण रडेल, कोण ओरडेल, कोण खडू मोडेल, हे ती वर्गाच्या दारातूनच ओळखत. पाठ टाचणातल्या पायऱ्या आम्हाला पाठ नसतील एवढ्या त्यांना पाठ. मी आदर्श वाचन जरा लांबवलं तर मैलारी मनगटावर बोट आपटून दाखवायचा. घड्याळ त्याच्याकडे नव्हतंच.

कविताही ठरलेली. आठवीच्या पुस्तकात 'खिडकीतला दिवा' म्हणून एक चार कडव्यांची इंग्रजी कविता होती आणि अंतिम पाठाला सगळे तीच घेत, कारण तिचा तक्ता तयार होता. नऊ वर्षांपूर्वी कुणा हौशी शिक्षिकेनं काढलेला तो तक्ता हातोहाती उतरत आला होता. समुद्रकाठचं घर, खिडकीत म्हातारी, हातात दिवा. मधे कुणीतरी म्हातारीला मिशा काढल्या होत्या, त्या खोडल्याच्या खुणा अजून होत्या. मी तो मल्लम्माकडून घेतला, मल्लम्मानं तो आदल्या कुणाकडून घेतला होता.

कविता साधीच होती. मुलगा जहाजावर गेलेला. आई रोज संध्याकाळी खिडकीत दिवा ठेवते. येणारे जाणारे कोळी तो दिवा बघून घर ओळखतात. शेवटच्या कडव्यात एका संध्याकाळी खिडकी अंधारी असते, आणि होड्या गुपचूप पुढं जातात. त्यावर हुकमी प्रश्न: तिनं त्या दिवशी दिवा का लावला नाही? गाइडातलं हुकमी उत्तर: कारण ती वारली. तात्पर्य: आईचं प्रेम अमर असतं. संपलं.

आता खरी गंमत पुढं आहे. अंतिम पाठात सगळीच पोरं धडाधड बरोबर उत्तरं द्यायला लागली तर परीक्षकाला संशय येतो. म्हणून दोन दिवस आधी वर्गात तालीम होते, आणि तालमीत चुकीची उत्तरंही वाटून दिली जातात. कुणीतरी चुकायचं, मग शिक्षिकेनं गोड हसून 'छान प्रयत्न' म्हणायचं, दुसऱ्याला विचारायचं, त्यानं बरोबर सांगायचं. ही तिथली रीतच होती. बरोबर उत्तर पोरं फुकट देत. चुकीच्या उत्तराला मात्र एक पुडी गिरमिट, म्हणजे आमच्याकडचे मसाला लावलेले चुरमुरे.

"चुकीच्याला जास्त का रे?" मी मैलारीला विचारलं.

"मिस, चारचौघांत चुकायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न आहे. आणि त्यातून घरी कळलं तर?"

बिनतोड मुद्दा होता. मी गिरमिटाच्या तीन पुड्या कबूल केल्या. दोन सोपी चुकीची उत्तरं मैलारीनं आपल्या दोस्तांत वाटली. तिसरं, दिव्याच्या प्रश्नाचं, कुणी घेईना. तेव्हा खिडकीजवळच्या शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलीकडं त्यानं बोट दाखवलं. "फकीरव्वाला द्या. ती काही बोलतच नाही. तिची अब्रू शिल्लक आहे."

फकीरव्वा तळवार. दोन वेण्या, वरच्या इयत्तेतल्या कुणाचा तरी सैल गणवेश, वर्षभरात एकदाही हात वर केलेला नाही. मी कागदावर तिला उत्तर लिहून दिलं: 'कारण तिचा मुलगा घरी आला.' सुचलं ते खरडलं हो, विचार कशाला करायचा? चुकीचंच तर हवं होतं. तिनं तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि घडी घालून कंपासपेटीत ठेवला. गिरमिटाची पुडीही तिथंच ठेवली.

पाठाच्या दिवशी मागच्या बाकावर येऊन बसल्या त्या नाडगौडा मॅडम. पांढरी इरकल साडी, पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांच्याबद्दल मल्लम्मानं सकाळीच सांगून मला अर्धमेलं केलं होतं, "बाई हसत नाहीत. हसल्या तर समज, गेलीस."

मी टाचणाची वही उघडली ती उलटीच. पण मैलारीनं पापणीनं खूण केली आणि सुरुवात झाली. प्रस्तावना, हेतुकथन, तक्ता उजव्या खिळ्याला, आदर्श वाचन. पहिलं चुकीचं उत्तर आलं, मी गोड हसले. दुसरं आलं, त्याहून गोड हसले. पोरं अशी सराईतपणे चुकत होती की मला अभिमान वाटायला लागला. शाबास रे माझ्या वाघांनो! पंचवीस मिनिटं झाली, माझी जीभ एकदाही अडखळली नाही. आता एवढा एक प्रश्न, मग मूल्यमापन, गृहपाठ, आणि माझं कॅलेंडर निघालंच म्हणून समजा.

"व्हाय डिड शी नॉट लाइट द लॅम्प? येस, फकीरव्वा?"

फकीरव्वा उठली. तिनं इंग्रजीत, एकेक शब्द मोजून, सांगितलं की तिचा मुलगा घरी आला.

"छान प्रयत्न!" मी हसले. "बस खाली. मैलारी?"

मैलारी उठला. फकीरव्वा बसली नाही.

"बस, फकीरव्वा."

"मिस," ती म्हणाली, "पण ते बरोबर आहे."

मैलारीचं तोंड उघडंच राहिलं. ही ओळ तालमीत नव्हती. मी पुन्हा गोड हसले, पण आता ते हसू मलाच कडू लागत होतं. "नाही बाळ, ती वारली. मैलारी सांगेल, बघ."

"मिस, कन्नडमध्ये सांगू का?"

इंग्रजीच्या तासाला वर्गात कन्नडचा शब्द काढायचा नाही, हा आमच्या कॉलेजचा पहिला नियम. मागं नाडगौडा मॅडमची लेखणी थांबली होती. नाही म्हणाले तर पोरगी रडेल, हो म्हणाले तर गुण जातील. माझ्या तोंडून कसं कोण जाणे, "सांग" निघून गेलं.

"शेवटच्या कडव्यात लिहिलंय, छपरावरनं धूर निघत होता. ती मेली असती तर चूल कुणी पेटवली?"

मी पुस्तकात पाहिलं. खरंच की! तिसरी ओळ. छपरावर करडा धूर. ही कविता मी निदान तीसदा वाचली होती, दोनदा चालीवर म्हटली होती. आणि धूर? धूर मला आज दिसत होता. तक्त्याकडं पाहिलं. तक्त्यातल्या छपरावर धूर नव्हता. नऊ वर्षं आम्ही सगळ्या विदुषी कविता सोडून तक्ताच शिकवत आलो होतो!

पण एम.ए. अशी सहज हार मानत नाही. मी घसा खाकरला. "फकीरव्वा, कवितेत धूर म्हणजे धूरच असतो असं नाही. तो प्रतीक असू शकतो. म्हणजे, दुःखाचा, आत्म्याचा, वर जाणाऱ्या..."

"मिस, धूर चुलीतनं येतो," फकीरव्वा म्हणाली.

वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावरून एक विचित्र आवाज आला, खोकल्यासारखा. नाडगौडा मॅडम उठून पुढं आल्या.

"बाळ, हे उत्तर तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"मिसनी," फकीरव्वा म्हणाली. "परवा. चुकीचं उत्तर म्हणून दिलं होतं. गिरमिट पण दिलं."

मैलारीनं कपाळावर हात मारला, तो सगळ्या वर्गाला ऐकू आला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं नुसतं म्हणतात लोक. मी त्या क्षणी फरशीत फट शोधत होते, शपथ! डोळ्यांपुढं अप्पांचा तराजू दिसला, गुळाची ढेप दिसली, ढेपेवरच्या माश्याही दिसल्या.

"मग चुकीचं दिलेलं बरोबर कसं झालं?" मॅडमनी आवाज न चढवता विचारलं.

"मी घरी विचार केला." फकीरव्वा आता थांबणार नव्हती. "माझा थोरला भाऊ, अण्णा, गोव्याला रस्त्याच्या कामावर आहे. अव्वा रोज संध्याकाळी त्याच्या नावानं दिवा लावते. एक दिवस चुकवत नाही, ताप असला तरी. गेल्या महिन्यात अण्णा न सांगता आला. त्या दिवशी अव्वानं दिवा लावलाच नाही. आधी चूल पेटवली अन् भाकरी थापत बसली. शेजारची म्हणाली, अगं दिवा राहिला की! तर अव्वा म्हणाली, आता कशाला, आलाय की तो."

नाडगौडा मॅडम माझ्याकडं वळल्या. "हं. गाइड म्हणतं ती वारली. ही म्हणते मुलगा आला. तुम्ही काय म्हणता, टीचर?"

मला आजवर कुणी 'टीचर' म्हटलं नव्हतं. पोरं 'मिस' म्हणत, कॉलेजवाले हजेरीचा नंबर म्हणत. उत्तर तर सोपं होतं. 'गाइड बरोबर आहे' म्हणायचं, मैलारीकडून वदवून घ्यायचं, मूल्यमापनाला लागायचं. अजून नऊ मिनिटं हातात होती, पाठ सावरला असता. फकीरव्वा अजून उभीच होती. कंपासपेटी तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. आता मी हिला चूक म्हटलं तर ही पोरगी पुन्हा जन्मात हात वर करणार नाही, हे मला लख्ख कळलं. मला कळणार नाही तर कुणाला? वर्षभरापूर्वी अशाच वर्गात मी गप्प झाले होते.

"मला तो धूर दिसलाच नव्हता," मी म्हणाले. कन्नडमध्येच म्हणाले, जाऊ दे तिच्या मारी! "फकीरव्वाला दिसला. ती म्हणते ते बरोबर असावं. पण मग होड्या गुपचूप का गेल्या? कोण सांगेल?"

तालमीत नसलेला प्रश्न आठवी 'ब'ला बहुतेक पहिल्यांदाच भेटला होता. मग एकदम पाच हात वर. कुणी म्हणालं, आईलेकांना बोलू द्यावं म्हणून. कुणी म्हणालं, कोळ्यांची स्वतःची पोरं आली नसतील, म्हणून. मैलारी तर उभा राहून भांडायलाच लागला, म्हातारी मेलीच आहे, चूल सुनेनं पेटवली! "सून कुठनं आली रे कवितेत?" "मुलगा जहाजावरनं रिकाम्या हातानं येईल होय?" हशा, आरडाओरडा, निम्मं इंग्रजी निम्मं कन्नड. मी खडू घेऊन तक्त्यावर छपराच्या वर धूर काढला. आणि घंटा झाली. मूल्यमापन राहिलं, गृहपाठ राहिला, तात्पर्य तर कुठल्या कुठं गेलं.

पोरं बाहेर गेल्यावर मॅडम वही मिटत म्हणाल्या, "अंगडी, आज सकाळपासून हा पाचवा पाठ बघितला मी. पाचही पाठांत कुणीतरी अगदी वेळेवर चुकलं."

मी मान खाली घातली. "चुकलं माझं, मॅडम."

"माझ्या वेळी गिरमिट नव्हतं. मी पेरू दिले होते," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

हसल्या! मल्लम्माचं वाक्य आठवलं. म्हणजे गेलेच मी! त्या गेल्यावर मी शेऱ्याची वही उघडली. एकच ओळ: 'पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही.'

"मग झालं तर," मल्लम्मा खोलीवर म्हणाली. "आता गूळ जोखताना मला जरा झुकतं माप दे." आणि मग मी रडायला लागले तशी तीही माझ्याबरोबर रडली. अशी आमची मल्लम्मा.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. पास. अंतिम पाठात मल्लम्माला वर्षापूर्वी मिळाले त्याहून चार गुण जास्त, याचा तिला अजून राग आहे. निकालपत्र घेऊन मी आधी शाळेत गेले. फकीरव्वाला पुडी देऊ केली तर म्हणाली, "नको मिस. बरोबर उत्तर फुकट असतं." तक्ता मी पुढच्या तुकडीतल्या एका मुलीला दिला. खडूचा धूर पुसला जाऊ नये म्हणून त्यावर पेन्सिल फिरवली, आणि तिला बजावलं, आधी पुस्तक वाच.

दुकानावर फोन केला, अप्पांनीच उचलला. मी "पास झाले" एवढंच म्हणाले, तर पलीकडून नुसता तराजूचा आवाज. मग अप्पा म्हणाले, "आजच ये."

एस.टी.तून फाट्यावर उतरले तेव्हा दिवेलागण टळून गेली होती. गल्लीच्या तोंडावरूनच दिसलं, अप्पा स्टुलावर चढून बॅटरीच्या उजेडात पाटी पुसत होते. कॅलेंडर खाली मातीत पडलं होतं. "बघ, रंग अजून नवाच आहे," ते म्हणाले. "झाकून होता ना." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता, म्हणून मी थट्टा केली नाही.

"अव्वा कुठंय?"

"चुलीपाशी. तुझा फोन आल्यापासून उठलीच नाही तिथनं. वांगी भरून झाली, आता भाकरी थापतीय."

मी वर पाहिलं. कौलांवरून धूर निघत होता. चप्पल काढायला उंबऱ्याशी वाकले, तर कोनाडा अंधारा. आमच्या दारातला रोजचा दिवा अव्वानं लावलाच नव्हता.